चौकोनी भोकाचा पैसा आणि शिवराई



व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आम्हाला बोलावले, तेव्हा त्यांची अशी समजूत होती की आम्ही कामगार चळवळीवर बोलू. आम्ही त्यांना म्हटले, कंत्राटी कामगार, बोनस आणि किमान वेतन यांवर आम्ही वर्षाचे तीनशे साठ दिवस बोलतोच आहोत. उरलेल्या पाचांपैकी एक दिवस आम्हाला नाण्यांवर बोलू द्या. चालक हसले, पण त्यांनी मोडता घातला नाही. आम्ही काही नाणकशास्त्राचे पंडित नव्हे. नववीत शाळा सुटली, वडिलांच्या मागोमाग मिठागरावर मीठ वाहिले, पुढे न्हावा-शेव्याचे बंदर झाले तेव्हा तिकडे वळलो आणि तेथून युनियनच्या कामात पडलो. जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, आणि तेही बैठका संपल्यावर. तेव्हा आजच्या बोलण्यात विद्वत्तेचा आव असणार नाही. कामाच्या ओघात एक प्रश्न पुढे आला, त्याचे उत्तर शोधण्यात आमची दोन वर्षे गेली, त्याची ही हकीकत आहे.

प्रश्न आणला तो कंटेनर यार्डात काम करणाऱ्या एका तरुणाने. हा उरण तालुक्यातला. त्याच्या घरी देव्हाऱ्यात आईची एक पितळी डबी आहे. तिच्यात तीन तांब्याची नाणी, आणि किल्ल्यांच्या जुडग्यात ओवलेला, मधोमध चौकोनी भोक असलेला एक पिवळट पैसा. मोबाईलवर कुठेतरी त्याने पाहिले की जुन्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात. याने नाण्यांची छायाचित्रे पाठवली. तासाभरात उत्तर आले, अकरा लाख. मग नोंदणीचे पैसे, मग कराचे पैसे, मग रिझर्व्ह बँकेच्या दाखल्याचे पैसे. आमच्याकडे येईपर्यंत अठरा हजार गेले होते, त्यातले दहा हजार पतपेढीतून काढलेले. वस्तुतः रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले होते की बँक असल्या खरेदी-विक्रीत पडत नाही व तिच्या नावाने कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत. पण बँकेची पत्रके यार्डात कोण वाचतो? आम्ही पोलिसांत तक्रार नोंदवायला त्याच्याबरोबर गेलो. पैसे काही परत आले नाहीत. चौकीतून बाहेर पडल्यावर तो म्हणाला, "भाऊ, पैसे गेले ते गेले. पण ही नाणी आहेत तरी कसली?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला देता येईना. आणि मनात असे आले की, हे ज्याला वाचता आले असते तो फसला नसता. फसवणारा त्याच्या लोभावर टपला होता हे खरे, पण त्याहून अधिक त्याच्या न वाचता येण्यावर टपला होता. सगळ्या सावकारीचा पाया हाच असतो.

आरंभ आम्ही चौकोनी भोकाच्या पैशापासून केला, कारण त्यावरील अक्षरांचे आम्हाला गम्यच नव्हते. जे अजिबात येत नाही ते शिकायला सोपे जाते. अर्धवट येते तेच नडते, हा अनुभव पुढे शिवराईने दिला.

चिनी पैशाची गोष्ट थोडक्यात अशी. ख्रिस्तपूर्व २२१ मध्ये छिन घराण्याच्या सम्राटाने चीन एकछत्री केला, आणि वाटोळे नाणे व मध्ये चौकोनी भोक हा साचा देशभर रूढ झाला. तो विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत, म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षे टिकला. आपल्याकडे नाणे ठोकून पाडत, म्हणून आपण 'नाणे पाडणे' म्हणतो. चिनी पैसा मात्र ओतीव. वाळूच्या साच्यात एकमेकांना जोडलेल्या खळग्यांतून रस ओतायचा. निवाल्यावर जे हाती येई ते फांद्यांना पाने लागावीत तसे दिसे. पाने मोडून घ्यायची, मग पुष्कळ नाणी एका चौकोनी सळीवर ओवून त्यांच्या कडा कानशीने घासायच्या. भोक चौकोनी का, याचे उत्तर त्या सळीत आहे: गोल सळीवर नाणी फिरली असती. पुढे तेच भोक दोरीत ओवण्याच्या कामी आले आणि हजार पैशांची एक माळ असा मोठ्या व्यवहाराचा हिशोब झाला. इंग्रज या पैशाला 'कॅश' म्हणत. तो शब्द चीनचा नव्हे, आपल्या दक्षिणेचा. तमिळमधला 'कासु' पोर्तुगिजांच्या तोंडून इंग्रजीत गेला. आपण दुकानात ज्याला कॅश म्हणतो तो शब्द निराळा, तो पेटीवाचक फ्रेंच शब्दापासून आला. दोघांचा उच्चार एक झाला इतकेच.

आता वाचन. एका बाजूला चार अक्षरे असतात: भोकाच्या वर एक, खाली एक, उजवीकडे एक, डावीकडे एक. आपल्याला वर कोणते ते कळत नाही, तेव्हा खूण ही की चौघांत जे अक्षर सर्वांत गजबजलेले, घरावर घर रचावे तसे, ते डावीकडे आणावे. त्याचा उच्चार 'पाव', अर्थ धन. मग समोर उजवीकडे जे येते त्याच्या पायाशी होडीच्या तळासारखा एक वळणदार फराटा असतो. ते 'थुंग', म्हणजे चलनी. 'चलनी धन' ही या नाण्यांची नेहमीची पदवी, इ. स. ६२१ मध्ये थांग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने पाडलेल्या पैशापासून ती चालत आली. ही दोन अक्षरे ठिकाणी बसली की वरचे व खालचे अक्षर मिळून बहुधा सम्राटाच्या कारकिर्दीचे नाव होते. क्रम वरून खाली, मग उजवीकडून डावीकडे. (काही जुनी नाणी घड्याळाच्या काट्याप्रमाणे वाचावी लागतात, पण ती आपल्या हाती क्वचित येणार.) मागल्या बाजूला शेवटच्या, मांचू घराण्याच्या नाण्यांवर त्यांच्या स्वतःच्या लिपीतले दोन उभे शब्द असतात आणि त्यावरून टांकसाळ कळते.

आम्ही पातळ कागद नाण्यावर ठेवून शिसपेन्सिलीने घासले, अक्षरे कागदावर उठली, आणि वाचनालयातल्या एका जुन्या ग्रंथातील चित्रांशी ती ताडत बसलो. खालच्या अक्षराच्या तळाशी चार ठिपके होते. त्या चार ठिपक्यांनी पत्ता दिला. नाव निघाले 'कांग-शी'. या सम्राटाची कारकीर्द १६६२ ते १७२२. मागे दोन्ही मांचू शब्द, म्हणजे राजधानी पेकिंगच्या टांकसाळीतला.

ही बातमी गावात फुटली आणि गंमत सुरू झाली. १६६२ ते १७२२ म्हणजे ऐन शिवकाल, संभाजी महाराजांचा काळ, कान्होजी आंग्र्यांची उमेद! एका उत्साही गृहस्थांनी लगेच ठरवून टाकले की शिवाजी महाराजांच्या वेळी चिनी गलबते आपल्या खाडीत येत असत व हा घ्या पुरावा. फलक लावण्याची भाषा निघाली. आम्हालाही क्षणभर मोह झाला, लपवत नाही. पण युनियनच्या कामात एक सवय लागते: मालकाने कागद पुढे केला की तो कागद काय म्हणतो एवढ्यावर थांबायचे नाही, तो येथे कोठून आला हेही विचारायचे. तसेच येथे विचारले.

घरात शोधाशोध केल्यावर तरुणाच्या पणजोबांची 'नळी' सापडली. नळी म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या दाखल्यांचे पुस्तक. मुंबईच्या गोदीत त्याला हेच नाव. पणजोबा आगबोटीच्या बॉयलरवर कोळसा ओढीत असत. पुस्तकात शिक्के होते, आणि १९११ ते १९१४ या वर्षांत हाँगकाँग व शांघायच्या फेऱ्या होत्या. कांग-शीचे पैसे चीनच्या बाजारात दोनशे वर्षे फिरत राहिले होते. शांघायच्या रस्त्यावर भाजके दाणे घेऊन उरलेल्या सुट्ट्यांत एखादा हाती पडणे अगदी साधी गोष्ट. नाणे शिवकालीन, पण उरणास आलेले आगबोटीच्या काळात. नाण्यावरील अक्षरे ते कधी घडले हे सांगतात. ते येथे कधी आले हे सांगत नाहीत. ते सांगायला ज्या मातीत ते सापडले ती माती लागते. तंजावरकडे चिनी नाण्यांचे मोठे साठे जमिनीत पुरलेले सापडले आहेत, केरळात कोल्लम बंदराचा गाळ उपसताना २०१४ साली अशी नाणी निघाली. तेथे सागरी व्यापाराचा पुरावा म्हणून ती उभी राहतात. आपल्या चौलच्या पांढरीतही चिनी भांड्यांचे तुकडे मिळाले आहेत, आणि चौल हे टॉलेमीपासून अरबांपर्यंत सर्वांना ठाऊक असलेले बंदर. व्यापार होता यात संशय नाही. परंतु किल्ल्यांच्या जुडग्यातला पैसा त्या खटल्यातला साक्षीदार नव्हे. उत्साही गृहस्थ आमच्यावर रागावले, ते अजून बोलत नाहीत.

जाता जाता एक इशारा. पनवेलच्या बाजारात लाल दोऱ्यात बांधलेले तीन-तीन चिनी पैसे घरात भरभराट व्हावी म्हणून विकले जातात. त्यांवरही कांग-शी व छ्येन-लुंग यांची नावे असतात. ते सारे अलीकडचे. लोहचुंबक लावून पाहावा, पुष्कळसे चिकटतात. खरा पितळी पैसा चिकटत नाही. न चिकटला म्हणजे खराच, असे मात्र समजू नये.

आता तांब्याच्या तीन नाण्यांकडे वळू. यांच्याविषयी घरात परंपरा अशी की पूर्वज महाराजांच्या आरमारात होता, १६७९ साली खांदेरीच्या लढाईत त्याने इंग्रजांशी झुंज दिली आणि महाराजांनी स्वतःच्या हाताने त्याला ही नाणी दिली. आई दसऱ्याला त्यांची पूजा करते. येथे अक्षरे आमच्याच लिपीतली. आम्हाला वाटले, पाच मिनिटांचे काम. हीच आमची चूक.

शिवराई आपण सर्वांनी पाहिली आहे किंवा तिच्याबद्दल ऐकले तरी आहे. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि त्या निमित्ताने सोन्याचा होन व तांब्याची शिवराई निघाली. दोहोंवरचा मजकूर एकच. एका बाजूला तीन ओळींत 'श्री / राजा / शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र / पति'. भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. बस्स. शक नाही, टांकसाळीचे नाव नाही, फारसीचा एक फराटा नाही.

याचे मोल कळण्यासाठी त्या काळचा सराफकट्टा डोळ्यांपुढे आणला पाहिजे. मोगली रुपया फारसी, आदिलशाही नाणे फारसी, निजामशाहीचे तसेच होते. चौल-रेवदंड्यास पोर्तुगिजांचे क्रूस व ढालीचे नाणे. मुंबईस इंग्रजांनी १६७२ च्या सुमारास टांकसाळ उघडली होती आणि तांब्याच्या नाण्याला 'कॉपरून' व कथलाच्या नाण्याला 'टिनी' अशी नावे दिली होती. या गर्दीत बाळबोध अक्षरांचे नाणे पुढे आले. नागरी अक्षरांचे नाणे ही सर्वस्वी नवी गोष्ट होती असे म्हणणे मात्र बरोबर होणार नाही. विजयनगरच्या रायांच्या होनांवर नागरीत राजाचे नाव असे, आणि महाराजांचा होन त्याच कुळातला. परंतु विजयनगर पडून शंभर वर्षे लोटली होती. ज्या राजाने राजव्यवहारकोश करवून दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देवविले, त्यानेच हे नाणे काढले. दोन्ही एकाच धोरणाची अंगे आहेत.

राज्याभिषेकास हेन्री ऑक्झिंडन हा इंग्रजांचा वकील हजर होता हे सर्वांना ठाऊक असते. तो मे महिन्यात मुंबईहून निघून चौल, अष्टमी, निजामपूर अशा आपल्याच जिल्ह्यातल्या वाटेने रायगडी पोचला. तो नुसता नजराणा द्यायला आला नव्हता; तहाची कलमे घेऊन आला होता. त्यांत एक कलम नाण्याचे होते: इंग्रजांचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे. या कलमावरचे उत्तर इंग्रजांच्याच कागदांत नमूद आहे. त्याचा आशय असा की, कोणाचेही नाणे जबरीने चालवण्याची गरज नाही, आणि ज्या नाण्यात आपल्या रयतेला तोटा आहे ते तिने घ्यावे असेही आम्ही म्हणणार नाही. तुमचे नाणे मोगलाच्या व इतर राजांच्या नाण्याइतके वजनाला व कसाला उतरत असेल तर आमची मनाई नाही.

इतिहासाची पुस्तके हे कलम एका ओळीत उरकतात. आम्हाला त्यावर थोडे रेंगाळावेसे वाटते, आणि त्याला कारण आहे. आमचे वडील मिठागरावर होते तेव्हा ठेकेदार हंगामात मजुरी रोकड देत नसे, चिठ्ठी देई. चिठ्ठी चालायची फक्त त्याने सांगितलेल्या दुकानात, आणि दुकानदार दहाच्या चिठ्ठीवर आठचा माल देई. कागदावर दहा लिहिलेले, पोटात आठ. नाण्याचा बट्टा म्हणजे दुसरे काय? सराफ नाणे उलटसुलट करतो, नाक मुरडतो आणि म्हणतो, हे जुने, हे झिजलेले, हे परमुलखातले, यावर इतका बट्टा. हा बट्टा शेवटी बसतो त्याच्यावर, ज्याच्याजवळ एकच नाणे आहे आणि संध्याकाळपर्यंत तांदूळ घ्यायचे आहेत. रयतेला तोटा होईल असे नाणे तिच्या माथी मारणार नाही, हे उत्तर ज्या राजाने दिले त्याला बाजार ठाऊक होता.

आता आमची फजिती सांगतो. शिवराई ठोकीव. तांब्याचा तुकडा तोलून घ्यायचा, खालच्या ठशावर ठेवायचा, वरचा ठसा धरून हातोड्याचा घाव घालायचा. ठसा बहुधा तुकड्याहून मोठा असे, आणि घाव नेहमी मधोमध बसत नसे. त्यामुळे चिनी पैशावर चारही अक्षरे सदैव पुरी असतात, पण शिवराईवर संपूर्ण मजकूर लाभणे हे भाग्य. एकीवर 'श्री' गेलेला असतो, दुसरीवर 'शिव' मधला 'व'. पहिल्या नाण्यावर आम्हाला 'राजा' व खाली 'शि'चे डोके दिसले, दुसरीकडे 'छत्र'. दुसऱ्या व तिसऱ्यावर 'पती' स्पष्ट. तिन्हींचे घासकागद एकावर एक ठेवून मजकूर पुरा केला आणि मोठ्या आनंदाने निकाल देऊन मोकळे झालो: श्री राजा शिव छत्रपति, म्हणजे शिवाजी महाराजांचे नाणे.

वाचनालयाचे जुने ग्रंथपाल हे ऐकून म्हणाले, "वाचलेत ते बरोबर. पण हे नाणे महाराजांचे, की महाराजांच्या नावाचे?"

या एका प्रश्नाने आम्हाला पुन्हा पुस्तकांत ढकलले. झाले होते ते असे. संभाजी महाराजांनी आपल्या नावाची नाणी काढली, 'श्री राजा शंभु'; शाहू महाराजांच्या नावाचीही आहेत. पण रयतेच्या हाताला शिव छत्रपतींचे नाव जडले होते. तेव्हा शिवराई त्यांच्या मागे कैक वर्षे, निरनिराळ्या गावी, सरकारी व ठेक्याने दिलेल्या टांकसाळींतून, त्याच नावाने पडत राहिली. पेशवाईत पडली. पेशवाई १८१८ त बुडाल्यावर कंपनी सरकारलाही ती काही काळ चालू ठेवावी लागली. विचार करा: ज्याने पेशवाई बुडवली तो कंपनीचा साहेब पुण्याच्या बाजारासाठी 'राजा शिव छत्रपति' अशी अक्षरे तांब्यावर ठोकून घेतो आहे! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ही नाणी लोकांच्या कनवटीला होती.

पेशवाईतली आणखी एक गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. त्या काळचा चांदीचा रुपया, पुण्याचा अंकुशी रुपया घ्या किंवा चांदवडचा चांदोरी घ्या, फारसीत असे आणि दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पडे. मराठ्यांची खूण म्हणजे अंकुशासारखे एखादे चिन्ह तेवढे. कारण चांदी दूर जात असे, हुंडीच्या व्यवहारात, परमुलखातल्या सावकाराकडे, आणि तेथे दिल्लीचे नाव चाले. तांबे गावातच राही. भाजीवालीकडून तेल्याकडे, तेल्याकडून कोळणीकडे, तिच्याकडून पुन्हा वाण्याकडे. त्यावर नाव शिवाजीचे. एकाच राज्याच्या खिशात दोन राजे होते, आणि गरिबाच्या खिशातला राजा कोणता हे नाणी सांगतात. आमच्या या किनाऱ्यावर आंग्र्यांचा अलिबागी रुपयाही होता. कुलाब्याचे संस्थान १८४० साली खालसा झाले आणि त्याचाही कारभार आटोपला.

मग एक शिवराई दुसरीपासून ओळखायची कशी? नुसत्या मजकुराने भागत नाही, हे एव्हाना लक्षात आले असेल. रेव्हरंड जस्टिन ॲबट म्हणून एक अमेरिकन मिशनरी होते, संतांच्या मराठी वाङ्मयाची इंग्रजी भाषांतरे करणारे तेच. शिवराया मोडीत निघून तांबटाच्या भट्टीत जात होत्या त्या काळात त्यांनी पंचवीस हजारांवर नाणी तपासली, आणि १९०० च्या सुमारास मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात निबंध लिहून सुमारे दीडशे प्रकार नोंदवले. दोन शब्दांचे दीडशे प्रकार! कोठे 'शिव', कोठे 'शीव', कोठे 'सिव'. कोठे 'पति', कोठे 'पती'. कोठे सूर्य-चंद्र, कोठे नुसता ठिपका. ऱ्हस्व-दीर्घावरून काळ ठरवण्याचा मोह होतो, आम्हालाही झाला. पण ठसा कोरणारा शाळामास्तर नव्हता. कोरक्याच्या हाताने वेलांटी कोठे वळावी हे जागेवर अवलंबून, तेव्हा एकट्या वेलांटीवर विसंबू नये. चार गोष्टी मिळून पाहाव्यात. अक्षर कसे आहे: जुन्या ठशांत ते नेटके, खोल, प्रमाणशीर, पुढे पुढे जाड, पसरट, ओबडधोबड होत गेले. ठिपक्यांचे वर्तुळ आहे का. वजन किती: चांगली जुनी शिवराई तोळ्याच्या आसपास भरते, म्हणजे अकरा ते तेरा ग्रॅम, उत्तरकाळच्या आठ-नऊ ग्रॅमपर्यंत उतरल्या. आणि चौथी खूण सर्वांत सोपी. अक्षरांच्या ओळींमधून दोन आडव्या समांतर रेघा गेल्या असतील तर ती 'दुदांडी' शिवराई, म्हणजे उत्तर पेशवाईतली किंवा कंपनीच्या अमलातली. ती शिवकालीन असूच शकत नाही.

आम्ही सोनाराच्या काट्यावर तिन्ही तोलली. दोन नाणी नऊ ग्रॅमच्या आत-बाहेर, आणि भिंगाखाली दोहोंवर त्या दोन रेघा, झिजलेल्या पण निःसंशय. दुदांडी. खांदेरीची लढाई आणि ही नाणी यांच्यात शंभरावर वर्षे. तिसरे मात्र बारा ग्रॅमला थोडे कमी, अक्षर रेखीव, कडेला तीन ठिपके शिल्लक, रेघ नाही. ते जुने. आम्ही ते एका जाणत्या संग्राहकास दाखवले. त्यांनीही जुने म्हटले, पण महाराजांच्या सहा वर्षांतले की त्यानंतरच्या पन्नासांतले, हे एवढ्या झिजलेल्या नाण्यावरून कोणी शहाणा माणूस छातीठोक सांगणार नाही. अकरा लाख सांगणारा शहाणा नव्हता असे नाही. त्याचे शहाणपण दुसऱ्या जातीचे होते. दुदांडीला बाजारात काहीशे रुपयांच्या वर कोणी फारसे देत नाही, हेही येथे सांगून टाकतो, म्हणजे सभेनंतर डब्या घेऊन रांग लागणार नाही. आणि कृपा करून नाणी चिंचेने घासू नका. देव्हाऱ्यातली तांब्याची भांडी घासतात तशी नाणी घासली की अक्षरांच्या कडा जातात, आणि त्याबरोबर वाचण्यासारखे जे होते तेही जाते.

यातून निघालेली एक कामाची गोष्ट आम्ही आता प्रत्येक रस्त्याच्या व इमारतीच्या कामावर मजुरांना सांगतो. खोदताना मडके लागले आणि त्यात नाणी निघाली तर वाटून घेऊन पळ काढू नये. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे लागते. न कळवणाऱ्यास वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण हाच कायदा दुसरे एक सांगतो, आणि ते मुकादम मजुराला कधी सांगत नाही. धन बेवारस ठरले व दुसरा काही करार नसला, तर तीन चतुर्थांश वाटा सापडवणाऱ्याचा, जमिनीच्या मालकाचा एक चतुर्थांश. सरकारने ते संग्रहालयासाठी घेतले तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. पळून जाऊन सोनाराला वितळवायला दिले की वाटाही जातो, नाणेही जाते, आणि ते कोणत्या मातीत होते ही माहिती, जी आमच्या चौकोनी पैशाला नव्हती, तीही जाते.

राहता राहिले आईला सांगणे. तरुण म्हणाला, "भाऊ, तुम्हीच सांगा, माझ्याच्याने होणार नाही." आम्ही एका रविवारी गेलो. संपाच्या तडजोडीला जाताना छाती धडधडत नाही तितकी त्या दिवशी धडधडत होती. तिला सारे समजावून सांगितले: चौकोनी पैसा आजेसासऱ्यांनी शांघायहून आणला असावा; दोन नाणी महाराजांच्या नंतरची, नाव त्यांचे पण काळ त्यांचा नव्हे; एक जुने, पण महाराजांच्या हातचे असे आम्ही म्हणू शकत नाही.

म्हातारीने तिन्ही नाणी तळहातावर घेतली. बराच वेळ पाहात राहिली. मग विचारले, "राजा मेल्यावर पण शंभर वर्षे लोक त्याच्याच नावाचा पैसा मागत होते, असेच ना तुमचे म्हणणे?"

आम्ही म्हटले, हो, आई, असेच.

तिने नाणी डबीत टाकली आणि डबी देव्हाऱ्यात ठेवली. चौकोनी पैसा मात्र आम्ही कापसात गुंडाळून परत आणला होता, तो तिने उलगडून पुन्हा किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवला. अंधारात बोटाला तो भोकाचा पैसा लागला की मागच्या दाराची किल्ली सापडते, म्हणाली.